मराठी शाळेत शिकवताना एआयचा खरंच उपयोग होतो का?

तुम्ही विचारलंय: "मी मराठी माध्यमाच्या शाळेत आठवी-नववीला विज्ञान शिकवते. प्रशिक्षणात सगळे एआय वापरा म्हणतात. खरंच उपयोग होतो का, की नुसतं खूळ आहे? आणि मुलं गृहपाठ त्यातूनच उतरवून आणतात, त्याचं काय करायचं?"

मॅडम, मीही नववीला विज्ञानच शिकवतो, तालुक्याच्या गावी, अनुदानित शाळेत. दोनेक वर्षं ही साधनं वापरतोय. उपयोग होतो, पण तो आपल्या टेबलावर जास्त आणि मुलांच्या बाकावर कमी. का ते सांगण्याआधी माझी फजिती ऐका.

रविवारची रात्र, सोमवारी घटक चाचणी, आणि पेपर काढायचा राहिलेला. 'आम्ल, आम्लारी व क्षार' हा पाठ, वीस गुण. एका साधनाला सांगितलं आणि दोन मिनिटांत पेपर हजर. मी वरवर नजर फिरवली, सकाळी झेरॉक्स काढल्या, वाटल्या. पाच मिनिटांत तिसऱ्या बाकावरची मुलगी उभी. "सर, प्रश्न चौथा. आम्ल आणि क्षार यांची अभिक्रिया होऊन काय तयार होते? क्षार तर शेवटी तयार होतो ना? मग तो आधीच कसा आला?" पर्याय बघितले तर त्यात 'लवण' असा शब्द. निम्मा वर्ग माझ्याकडे बघतोय.

काय झालं होतं ते तुमच्या लक्षात आलंच असेल. आपल्या पुस्तकात आम्ल आणि आम्लारी (इंग्रजीत बेस) मिळून क्षार (सॉल्ट) आणि पाणी तयार होतं. हिंदीत आम्लारीला क्षारक किंवा क्षार म्हणतात आणि क्षाराला लवण. यंत्राने हिंदी परिभाषा उचलली, वर मराठी प्रत्यय चढवले आणि पेपर दिला. वाक्यं व्याकरणात चोख, म्हणून डोळ्याला खटकलं नाही. अणूचंही तेच. आपला अणू म्हणजे हिंदीतला परमाणु, आणि आपला रेणू म्हणजे हिंदीतला अणु. म्हणजे 'पाण्याचा अणू' असं कुठे आलं, तर ती छपाईची चूक नसते, भाषा घसरलेली असते. पेशीची कोशिका होणं त्यामानाने बरं, ते लगेच दिसतं. खरा धोका दोन्ही भाषांत असलेल्या पण अर्थ बदललेल्या शब्दांचा. लिपी एकच, आणि इंटरनेटवर हिंदी मजकूर मराठीपेक्षा कितीतरी जास्त. त्यावरच ही यंत्रं पोसली आहेत, त्यामुळे हे होतच राहणार.

तेव्हापासून पाठाची पानं दिल्याशिवाय मी यंत्राला काहीच विचारत नाही. बालभारतीची पुस्तकं पीडीएफ स्वरूपात फुकट मिळतात. काही पीडीएफमधून मजकूर कॉपी केला की अक्षरांचा पार चुराडा होतो, तेव्हा सरळ पानाचा फोटो द्यायचा. मग मी साधारण असं लिहितो: "सोबत नववीच्या विज्ञानातल्या पाठाची पानं आहेत. परिभाषा फक्त याच पानांतली वापर. 'शास्त्रीय कारणे लिहा' प्रकारचे सहा प्रश्न दे. प्रत्येक उत्तर कोणत्या पानावर आहे ते लिही. पानांत नसेल तर 'पाठात नाही' असं स्पष्ट सांग." शेवटची दोन वाक्यं विसरू नका. पान क्रमांक दिला की आपल्याला पडताळता येतं, आणि 'पाठात नाही' म्हणायची मोकळीक दिली की ठोकून देणं कमी होतं. बंद होत नाही, कमी होतं. चॅटजीपीटी, जेमिनी, कुठलंही चालेल. गूगलचं नोटबुकएलएम तर मुळात आपण दिलेल्या कागदांतूनच उत्तर देण्यासाठी केलेलं आहे आणि उत्तर कुठून घेतलं ती जागा दाखवतं, म्हणून पेपर काढायला मला ते बरं वाटतं.

मला सगळ्यात जास्त फायदा कशात झाला म्हणाल, तर चुकीच्या पर्यायांत. बहुपर्यायी प्रश्नाचा जीव बरोबर उत्तरात नसतो, तो उरलेल्या तीन पर्यायांत असतो. मुलं नेमकी जिथे गोंधळतात तिथला पर्याय हवा. मी वह्या तपासताना दिसलेल्या चुका एका कागदावर टिपतो, त्या यंत्राला देतो आणि म्हणतो, या चुकांवरून पर्याय तयार कर. असले वीस प्रश्न हाताने काढायला पूर्वी एक संध्याकाळ जायची. टाचण, म्हणजे तास कसा घ्यायचा त्याचा आराखडा, मात्र मी त्याच्याकडून करून घेत नाही. सुरुवातीला घेतलं होतं. दिसायला झकास, पण माझ्या शाळेत नसलेली प्रयोगशाळा त्यात होती.

आकृत्यांच्या वाटेला जाऊ नका. हृदयाची आकृती मागितली, तर रंगरूप देखणं, पण 'उजवी कर्णिका' लिहायच्या जागी जे काही उमटलं होतं ते कुठल्याच लिपीत बसणारं नव्हतं. अलीकडे थोडी सुधारणा आहे, पण जोडाक्षरांवर अजून भरवसा नाही. फळा आणि रंगीत खडू बरे.

आता गृहपाठ. कोणी म्हणेल, एआयने लिहिलेलं ओळखणारं सॉफ्टवेअर असतं. त्याच्या नादी लागू नका. चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआयनेच जानेवारी २०२३ मध्ये असं साधन आणलं आणि अचूकता कमी पडते म्हणून त्याच वर्षी जुलैत मागे घेतलं. त्याच वर्षी स्टॅनफर्डच्या संशोधकांनी तपासलं, तेव्हा इंग्रजी मातृभाषा नसलेल्या विद्यार्थ्यांचे स्वतः लिहिलेले निम्म्याहून अधिक निबंध अशा साधनांनी यंत्राचे ठरवले होते. आपल्या पोरांवर तसला आळ आणायचा का? वहीतलं एक वाक्य बोट ठेवून विचारायचं, "हे म्हणजे काय रे?" अर्ध्या मिनिटात कळतं.

उतरवण्याने काय होतं, याचा मला पटलेला पुरावा तुर्कस्तानातला आहे. तिथल्या एका हायस्कुलात जवळजवळ हजार मुलांवर अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या संशोधकांनी गणिताचा प्रयोग केला, तो २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्यांना साधं चॅटजीपीटीसारखं साधन दिलं, त्यांचे सरावाचे गुण ४८ टक्क्यांनी वाढले. पुढे साधन काढून घेऊन परीक्षा घेतली, तर साधन कधीच न मिळालेल्या मुलांपेक्षा तीच मुलं १७ टक्क्यांनी मागे. दुसऱ्या गटाला उत्तर न सांगता फक्त इशारे देणारं साधन दिलं होतं, आणि त्या इशाऱ्यांमागे शिक्षकांनी कळवलेल्या नेहमीच्या चुका होत्या. त्या गटाचे सरावातले गुण १२७ टक्क्यांनी वाढले आणि परीक्षेतलं नुकसान जवळजवळ दिसेनासं झालं. हे वाचल्यावर मी पालकसभेत फोनबंदीची भाषा सोडली. मुलांना एवढंच शिकवलं की प्रश्न टाकण्याआधी लिहायचं: "उत्तर सांगू नकोस, मला एकेक प्रश्न विचार, चुकलो तर कुठे चुकलो तेवढंच सांग." सगळी मुलं ऐकतात का? छे. पाच-सहा ऐकतात.

बाकीच्यांसाठी गृहपाठच बदलला. 'दर्शक म्हणजे काय ते लिहा' हा प्रश्न आता देत नाही. हळदीच्या पाण्यात कागद बुडवून वाळवायचा, पट्ट्या कापायच्या, घरातल्या पाच पदार्थांचा थेंब टाकायचा आणि त्या पट्ट्या वहीत चिकटवून आणायच्या. लिंबू, ताक, कपड्याचा साबण, खायचा सोडा, जे सापडेल ते. आम्लाने हळद पिवळीच राहते, आम्लारीने लाल-तपकिरी होते. एकाने आजीच्या चंचीतला चुना आणला होता, त्याची पट्टी सगळ्यात लालभडक. खाली त्याने लिहिलं होतं, "आजी म्हणाली, कुंकू असंच करतात." वहीची पानं डागाळतात, वास येतो, तपासायला वेळ लागतो. पण हे काम फोनकडून होत नाही.

आणि वर्गात एकच प्रोजेक्टर असेल तरी चालणारा एक तास सांगतो. पाठ शिकवून झाला की यंत्राकडून मुद्दाम पानं न देता उत्तर लिहून घ्यायचं, पडद्यावर लावायचं, आणि मुलांना पुस्तक उघडून तपासायला सांगायचं, दहापैकी गुण द्यायला लावायचं. माझा वर्ग एरवी फार दयाळू आहे, पण यंत्राचा पेपर तपासताना काना-मात्रेचेसुद्धा गुण कापतो. लवण आणि क्षार आता कोणी विसरत नाही.

दोन गोष्टी मात्र सांभाळा. चॅटजीपीटीच्या अटींनुसार तेरा वर्षांखालच्या मुलांना परवानगी नाही आणि अठराखाली पालकांची संमती लागते. म्हणजे आठवीतल्या काही मुलांचं तर वयच बसत नाही. दुसरं म्हणजे मुलांची नावं, गुण, फोटो, सरल या शासनाच्या विद्यार्थी-नोंदणी पोर्टलवरची माहिती कुठल्याही साधनात टाकू नका. २०२३ च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात अठराखालचं प्रत्येक जण मूलच आहे. वर्णनात्मक नोंदी करताना मोह फार होतो, मला ठाऊक आहे. 'विद्यार्थी क' लिहून काम भागतं.

प्राथमिकच्या बाई विचारत असतील तर त्यांना गूगलचं रीड अलाँग हे ॲप दाखवा. मूल मोठ्याने वाचतं, ॲप ऐकतं, अडखळलेला शब्द उच्चारून दाखवतं. मराठीत आहे, फुकट आहे, आणि गोष्टी आधी उतरवून ठेवल्या की नेटवाचून चालतं.

सशुल्क काही घेऊ नका, निदान वर्षभर तरी. पुढच्या घटक चाचणीपासून सुरुवात करा, एकच पाठ घ्या. आणि वरून 'एआय वापराचा अहवाल' मागितला, तर तो मात्र खुशाल त्याच्याकडूनच लिहून घ्या.