रोल संपवायला काढलेले फोटो

प्रिय पोरी,

तुझं पत्र आणि सोबतचे फोटो मिळाले. बाबांच्या पंचाहत्तरीला त्यांनीच काढलेल्या फोटोंचं पुस्तक करायचं हा बेत मला पसंत आहे, तुझी पद्धत पसंत नाही. अल्बममधले चांगले चांगले फोटो मोबाईलवर टिपायचे, ॲपमधून चकाचक करायचे आणि छपाईला द्यायचे, असं तू लिहिलंयस. त्या पुस्तकात महाबळेश्वर येईल, सिंहगड येईल, पुण्याच्या फुलराणी आगगाडीत बसलेली तू येशील. तुमचं घर मात्र येणार नाही.

का ते सांगतो. तेव्हा ३६ फोटोंचा फिल्मचा रोल एका सहलीत संपवायची चैन कुणाला होती? दिवाळीला घातलेला रोल मे महिन्याच्या सुट्टीपर्यंत पुरवायचा. सहलीहून परत आलं की चार-सहा फोटो उरलेले असायचे आणि महाबळेश्वरचे फोटो बघायची सगळ्यांना घाई. मग उरलेल्या फ्रेम घरातच उडवायच्या. गॅलरीतली तुळस, अभ्यासाला बसलेला दादा, आंघोळ करून केस पुसणारी आजी, काहीच नाही तर आरशात स्वतःचाच कॅमेरा, फ्लॅशचा पांढरा गोळा येतो तो. असे फोटो ठरवून काढलेले नसतात, म्हणून त्यांत कुणी नीट उभंही राहत नाही. आणि प्रिंटचे पैसे नगावर असल्यामुळे पुष्कळ जण आधी नुसता रोल धुऊन घेत, निगेटिव्ह, म्हणजे उलट्या रंगांची ती धुतलेली फिल्म, ट्यूबलाइटसमोर धरून निवड करत आणि ‘एवढ्याच काढा’ म्हणून सांगत. लॅबच्या काउंटरवर माझी उमेदीची वर्षं गेली. तुळस आणि आजी कायम गळायच्या. तेव्हा अल्बम बाजूला ठेव आणि कपाटातली निगेटिव्ह ठेवलेली लॅबची पाकिटं काढ.

तू पाठवलेली ती एक निगेटिव्हची पट्टीच बघ. पहिल्या दोन फ्रेममध्ये वेण्णा तलावाच्या काठी घोड्याशेजारी तुम्ही दोघं भाऊबहीण, उन्हाने डोळे बारीक केलेले. सूर्य फोटो काढणाऱ्याच्या पाठीशी हवा हा नियम तेव्हाचे सगळेच बाबा पाळत, त्यामुळे एक अख्खी पिढी फोटोत डोळे मिचकावते. पुढच्या फ्रेममध्ये एकदम आई. ओट्याशी पोळ्या लाटतेय, मान अर्धवट वळवलेली, चेहऱ्यावर ‘आता हे काय मध्येच’. मागे भिंतीवर ‘कालनिर्णय’. प्रिंट असती तरी ते पान वाचता आलं नसतं. निगेटिव्ह २४०० डीपीआयला, म्हणजे इंचाला २४०० ठिपके धरून, स्कॅन केलीस तर साधारण ३४०० बाय २२७० पिक्सेलचं चित्र मिळेल, आणि पानावरचा महिना आणि साल बहुतेक लागेल. एका पोळी लाटणाऱ्या हाताने सगळी पट्टी, म्हणजे महाबळेश्वरची सहलसुद्धा, तारखेला बांधली जाते.

म्हणून पाकिटातला क्रम मोडू नकोस. पट्ट्या चार-चार किंवा सहा-सहाच्या कापलेल्या असतात आणि काठावर बारीक आकडे छापलेले असतात: २२, २२ए, २३, २३ए. त्यावरून फ्रेमचा क्रम लागतो, काठावर रोलची जातही लिहिलेली असते. चौकोनी कृष्णधवल निगेटिव्ह दिसल्या तर त्या बाबांच्या कॉलेजच्या काळातल्या, ‘आग्फा क्लिक थ्री’वरच्या. हा कॅमेरा आपल्याकडे बडोद्याला बनायचा. १२० नावाच्या रुंद रोलवर सहा बाय सहा सेंटिमीटरच्या १२ फ्रेम. काठावर ‘इंदू’ असेल तर फिल्म उटीच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्सची. पाकीट फाटकं असलं तरी फेकू नकोस, त्यावर लॅबवाल्याने तारीख घातलेली असते.

हाताळणीचं थोडक्यात सांगतो. पंखा बंद. पट्टी कडेनेच धरायची. धूळ रबरी ब्लोअरने उडवायची, तोंडाने फुंकर मारायची नाही, थुंकी उडते आणि तो डाग जात नाही. चकचकीत बाजू पाठीची, चमक नसलेल्या बाजूवर चित्र असतं. तिला बोट लागता कामा नये. बुरशीची जाळी दिसली तर पाण्याने मुळीच पुसू नकोस, बुरशी लागलेलं जिलेटिन पाण्यात विरघळतं आणि चित्रच निघून येतं. एखाद्या पाकिटाला व्हिनेगरसारखा वास आला तर ते वेगळं ठेवून आधी स्कॅन कर, त्या फिल्मचा पायाच सडायला लागलेला असतो. स्कॅनर निगेटिव्हचा हवा, म्हणजे झाकणात दिवा असलेला. प्रिंटसाठी साधा फ्लॅटबेड चालेल, ६०० डीपीआय पुरे. चिकट पानांच्या अल्बममधून प्रिंट ओढू नकोस. दात साफ करायचा धागा मागून अलगद सरकवून बघ. नाही सुटली तर पानासकट स्कॅन कर.

त्या चकाचक करणाऱ्या ॲपबद्दल माझं मत कडक आहे. धूसर चेहऱ्यावर ते नवे डोळे, नवे दात बसवतं. आजोबांचा कोट निळा होता की तपकिरी, हे त्याला कुठून कळणार? धूळ काढ, उडालेला रंग जरा सावर, तेही नकलेवर. मूळ स्कॅनला हात लावायचा नाही. फाइलला नाव दे: १९८९-०५-महाबळेश्वर-२३. साल नक्की नसेल तर पुढे ‘अंदाजे’ लिही. नाहीतर कॉम्प्युटर तुझ्या स्कॅनची तारीखच फोटोची म्हणून धरून बसेल. आणि हे सगळं घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलं म्हणजे जपलं, असं समजू नकोस. दोन हार्ड डिस्क घे आणि त्यातली एक दादाच्या घरी ठेव.

आता मुख्य काम, आणि ते पुस्तक छापण्याआधी व्हायला हवं: आईबाबांना एकत्र बसवणं. एकट्या बाबांना विचारशील तर ते कॅमेऱ्याबद्दलच बोलतील, याशिका केवढ्याला पडला आणि कुणाकडून आणला. आईला ‘हे कोण, कधीचं’ असं विचारलंस तर ‘कोण जाणे बाई’ म्हणून मोकळी होईल. तिला साडी विचार. ही कुठे घेतली, कुणाच्या लग्नातली, त्या वर्षी घरात फ्रिज आला होता का. बायका साडीवरून साल सांगतात आणि सहसा चुकत नाहीत. फोन रेकॉर्डिंगला लावून ठेव आणि दोघं भांडली तर मध्ये पडू नकोस. बाबा ‘पानशेत’ म्हणतील, आई ‘खडकवासला’. त्या वादात गाडी कुणाची मागून आणली होती, डबा कुणी विसरला होता, ते सगळं बाहेर येईल.

पार्श्वभूमीही साक्ष देते. मागच्या स्कूटरची पाटी एमएच-१२ ने सुरू होत असेल तर फोटो १९८९ च्या आधीचा नाही. मुंबईच्या व्हीटी स्टेशनचं नाव १९९६ मध्ये बदललं, तिथली पाटी वाचता आली तर फोटो त्याच्या अलीकडचा की पलीकडचा ते कळतं. खंडाळ्याच्या घाटात अमृतांजन पुलाखाली गाडी थांबवून फोटो काढायची रीतच होती. तो पूल एप्रिल २०२० मध्ये पाडला, त्यामुळे त्या फोटोंत माणसांच्या मागे काय आहे तेही नीट स्कॅन कर, कडा कापू नकोस.

आणि डोकी उडालेले, वाकडे फोटो काढून टाकायची यादी केलीयस, ती फाडून टाक. बाबांच्या याशिकात बघायची खिडकी वेगळी आणि लेन्स वेगळी. जवळून फोटो काढला की खिडकीत सगळं बसलेलं दिसायचं आणि फिल्मवर कपाळ कापलं जायचं. बाबांना ही खोड ठाऊक होती, ते दोन पावलं मागे जायचे. आईच्या हातात कॅमेरा यायचा फक्त बाबांचा फोटो काढायला, आणि ती जवळ जाऊन काढायची. कपाळ कापलेल्या बाबांचे जेवढे फोटो सापडतील तेवढे आईने काढलेत असं धरून चाल. पुस्तकात त्यांना एक पान दे, खाली तिचं नाव घाल.

याशिकाचं मागचं झाकण मात्र इतक्यात उघडू नकोस, आत रोल असेल तर उजेडाने खराब होईल. रिवाइंडची कडी बाणाच्या दिशेने हलक्या हाताने फिरव. सैल फिरली तर कॅमेरा रिकामा आहे, खुशाल उघड. अडल्यासारखी वाटली तर आत रोल आहे. कॅमेरा तसाच घेऊन माझ्याकडे ये. रंग उडालेले येतील, पण धुता येईल.

तुझा,
काका