जुव्यावर बिऱ्हाड नेण्याआधी

डोंबिवलीहून एका भगिनीचे पत्र आले आहे. त्यांच्या विनंतीवरून नाव आणि गावाचा नेमका ठिकाणा गाळून त्यातला मुख्य भाग येथे देत आहे.

«आमचे मूळ घर मालवण तालुक्यात कालावलच्या खाडीतल्या एका जुव्यावर, म्हणजे बेटावर आहे. सासरे गेल्यापासून सासूबाई तिथे एकट्याच राहतात. यजमानांचे काम संगणकावरचे असून कंपनीने त्यांना कायम घरून काम करण्याची परवानगी दिली आहे. येत्या उन्हाळ्यात डोंबिवलीचा फ्लॅट भाड्याने द्यायचा, आपण चौघांनी जुव्यावर राहायला जायचे आणि घराला दोन खोल्या जोडून पर्यटकांची सोय करायची, असे त्यांनी ठरवून टाकले आहे. मुलगा सहा वर्षांचा असून जूनमध्ये पहिलीत जाईल. मुलगी दोन वर्षांची आहे आणि पावसाळ्यात तिला धाप लागते. मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये तंत्रज्ञ आहे. माझी नोकरी सोडावी लागेल. मला ते घर आवडते, पण मी ते मे महिन्यातच पाहिले आहे. काही शंका काढली, की ‘तुला शहराची चटक लागली आहे’ असे ऐकावे लागते. सासूबाईंना फोनवर विचारले, तर त्या एवढेच म्हणाल्या, ‘येवा, पण पावसाक इचारून येवा.’ यजमान हसले. मी उगाच घाबरते आहे का?»

सप्रेम नमस्कार.

यजमान हसले असतील, पण तुमच्या अख्ख्या पत्रात जुव्यावर बारा महिने काढणाऱ्या माणसाचे ते एकच वाक्य आहे आणि मी त्यालाच सर्वांत जास्त वजन देते. तुम्ही उगाच घाबरत नाही. शहराच्या चटकेचा तर इथे संबंधच नाही. दोन वर्षांच्या, धाप लागणाऱ्या मुलीची आई जे प्रश्न विचारील तेच तुम्ही विचारले आहेत आणि त्यांची उत्तरे अजून कोणी दिलेली नाहीत.

माझे मत आधीच सांगते, म्हणजे पुढचे वाचताना संदिग्धता राहणार नाही. येत्या उन्हाळ्यात बिऱ्हाड हलवू नका, नोकरी सोडू नका आणि फ्लॅट भाड्याने देऊ नका. ज्यांना जुव्यावर राहायचे आहे त्या तुमच्या यजमानांनी आधी एकट्याने जावे, मृग नक्षत्र लागण्यापूर्वी पोहोचावे आणि श्रावण संपेपर्यंत तिथून आपली पूर्ण वेळ नोकरी करावी, बाजारहाट करावा, आईचे औषधपाणी पाहावे. आषाढाच्या ऐन मुसळधारेत तुम्ही रजा काढून मुलांसह आठ-दहा दिवस राहून यावे. गणपतीत मात्र ही परीक्षा घेऊ नका, कारण त्या दिवसांत चाकरमान्यांनी भरलेले घर आणि मदतीला धावणारे दहा हात पाहून कोणालाही आपण इथे सहज राहू असे वाटते.

आता कारणांकडे वळते. सर्वांत मोठे कारण मधली खाडी हेच आहे. पर्यटकाला ती दहा मिनिटांची होडीची गंमत वाटते, पण राहणाऱ्याच्या घराचा तो एकमेव रस्ता असतो आणि तो रोज वेगळा असतो. भरतीची वेळ दररोज साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. आपल्याकडे तिथीची पाऊणपट करून पूर्ण भरतीची वेळ काढण्याचा जुना ढोबळ हिशेब आहे. तो मुलाच्या शाळेला लावून पाहा. पौर्णिमेला किंवा अमावास्येला पंधराची पाऊणपट म्हणजे सव्वाअकराच्या सुमारास भरती पूर्ण होते, तेव्हा साडेदहाच्या शाळेला जाताना होडी पायरीला लागेल. पण संध्याकाळी पाचला मुलगा परत येईल तेव्हा उधाणाची ओहोटी तळाशी गेलेली असेल आणि होडी काठापासून दूरच थांबेल. मग चपला हातात घेऊन चिखल तुडवत यायचे, दगडांवरची कालवे, म्हणजे धारदार शिंपले, तळपायाला ब्लेडसारखी कापतात म्हणून नजर खाली ठेवायची, पाठीवर दप्तर, वरून पाऊस, आणि धाकटीला घरी ठेवता आले नसेल तर ती कडेवर. अष्टमीला हे सारे उलटे होते. सकाळी पाणी ओसरत असते आणि संध्याकाळी भरलेले असते. गड नदीला पूर आला की भरती-ओहोटीचा हा हिशेबही बाजूला राहतो आणि लाल पाण्याच्या ओढीसमोर जाणता माणूस होडी सोडतच नाही.

तेव्हा यजमानांना पहिला प्रश्न हा विचारा की सहा वर्षांच्या मुलाला रोज दोन वेळा खाडीपार नेणार कोण. त्यांची कार्यालयीन बैठक नेमकी साडेदहाला असेल, तर उत्तर न बोलताच ठरले आहे. वल्हे मारणे तुम्हाला येत नाही असे मी गृहीत धरते. काठाला बांधलेला धक्का असला तरी मुलांना लाइफ जॅकेटशिवाय होडीत पाय ठेवू द्यायचा नाही, गावची मुले घालत नसली तरीही; या बाबतीत लोक काय म्हणतील याची पर्वा करू नका.

दुसरा प्रश्न आजारपणाचा, आणि इथे मी थोडी रेंगाळणार आहे. 108 क्रमांकाची रुग्णवाहिका बोलावली तर ती खाडीच्या मुख्य भूमीकडच्या काठापर्यंत येईल, तुमच्या अंगणात येणार नाही. रात्री दोन वाजता मुलीला धाप लागली तर होडी कोणाची, ती वल्हवणार कोण, पलीकडे उतरल्यावर वाहन कोणाचे, आणि मालवणच्या ग्रामीण रुग्णालयात भागले नाही तर ओरोसच्या जिल्हा रुग्णालयापर्यंत कसे जायचे, ही साखळी माणसांच्या नावांसह आणि फोन क्रमांकांसह कागदावर लिहिता आली पाहिजे. यातली एक कडी जरी ‘बघू तेव्हा’ अशी राहिली, तरी धापेचा त्रास असलेल्या मुलाला घेऊन पावसाळ्यात तिथे राहू नये. शिवाय श्वासातून औषध देणारा नेब्युलायझर विजेवर चालतो आणि पावसाळ्यात वीज जाते. मे 2021 मध्ये तौक्ते चक्रीवादळ सिंधुदुर्गाच्या किनाऱ्याजवळून गेले, तेव्हा मालवण परिसरातील किती तरी घरे कित्येक दिवस अंधारात होती. म्हणून आत्ताच मुलीच्या बालरोगतज्ज्ञांना भेटा, स्पेसर, म्हणजे मधली नळी, लावून इनहेलर देण्याची पद्धत तिला चालेल का ते विचारा आणि चालत असेल तर ती त्यांच्यासमोर हाताने करून शिका. त्याला वीज लागत नाही. जुन्या मातीच्या भिंतींना श्रावणात बुरशी धरते आणि चुलीचा धूर घरातच कोंडतो, हेही डॉक्टरांना सांगा. तिथली हवा शुद्ध आहे हे यजमानांचे म्हणणे खरेच आहे, पण ते खळ्यातल्या, म्हणजे अंगणातल्या हवेबद्दल खरे आहे, बंद दाराआडच्या पावसाळी खोलीबद्दल नाही.

साप-विंचवाबद्दल थोडक्यात लिहिते. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चारही सापांच्या विषावर एकच प्रतिविष चालते आणि ते सरकारी रुग्णालयांत मोफत मिळते. दंशाच्या जागी कापणे, आवळून बांधणे किंवा मांत्रिकाची वाट पाहणे यात मोलाचा वेळ जातो. विंचवाच्या दंशावर आज जी उपचारपद्धती वापरतात ती महाडला राहून डॉ. हिंमतराव बावस्करांनी रूढ केली, म्हणजे कोकणातच काम करणाऱ्या एका डॉक्टरांनी. औषध आहे, प्रश्न पुन्हा खाडी वेळेत ओलांडण्याचाच उरतो.

सापापेक्षा मला दोन वर्षांच्या मुलीसाठी पाण्याचे भय अधिक वाटते. एवढे लहान मूल बुडताना ओरडत नाही. आवाज न होता काही मिनिटांत सारे संपते. जायच्या आधी विहिरीला कठडा आणि वर जाळी, आणि खाडीच्या बाजूच्या गडग्याला, म्हणजे दगडी कुंपणाला, कडी लागणारे बेडे (फाटक), ही दोन कामे झालीच पाहिजेत. दोन खोल्यांच्या बांधकामाआधी हा खर्च करा.

त्या खोल्यांविषयीही यजमानांनी नीट चौकशी केलेली दिसत नाही. किनारा नियमन क्षेत्राच्या 2019 च्या अधिसूचनेत खाडीतल्या बेटांसाठी भरतीरेषेपासून 20 मीटरांचा पट्टा विकासास निषिद्ध ठरवला आहे. अरुंद जुव्यावर हा पट्टा दोन्ही बाजूंनी मोजला की मध्ये फारसे उरत नाही, आणि कांदळवन असेल तर निर्बंध आणखी वाढतात. आधी सातबारा काढा. आपल्याकडच्या सामाईक सातबाऱ्यावर चुलत्यांची, आत्यांची आणि त्यांच्या वारसांची किती नावे निघतील ते सांगता येत नाही, आणि सर्वांच्या संमतीवाचून तिथे लाखो रुपये ओतणे म्हणजे भाऊबंदकीला आमंत्रण आहे.

याहून अडचणीचा मुद्दा पाण्याचा आहे. जुव्यावरच्या विहिरीतले गोडे पाणी हे पावसाचेच मुरलेले पाणी असते आणि जमिनीखाली खाऱ्या पाण्यावर त्याचा थर तरंगत असतो. सासूबाई कळशीने पाणी काढतात तोवर तो थर टिकतो. पंप लावून पर्यटकांच्या आंघोळी आणि चादरी सुरू झाल्या, की खालचे खारे पाणी वर ओढले जाते आणि चैत्र-वैशाखात विहीर मचूळ होते. मालवणसमोर समुद्राने वेढलेल्या सिंधुदुर्ग किल्ल्यात दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव या गोड्या विहिरी आहेत हे सर्वांना ठाऊक आहे, पण ते भाग्य प्रत्येक बेटाला लाभत नाही. आणि पर्यटकांचा ऐन हंगाम एप्रिल-मेचा, म्हणजे पाणी सर्वांत कमी असते तेव्हाचा. पुढे पावसाळ्यात ही कमाई जवळजवळ थांबते, त्यामुळे तुमच्या पगाराची जागा ती भरून काढील असे मी धरणार नाही.

इतके सारे लिहिले म्हणून माझा कल नकाराकडे आहे असे समजू नका. आजीच्या मांडीवर वाढणे, पोहायला शिकणे, काळुंदर आणि तांबोशी हे मासे ओळखता येणे, हे डोंबिवलीत विकत मिळत नाही. फक्त जुव्यावरची जाणती माणसे कशी राहतात ते नीट पाहा. त्यांची दुचाकी पलीकडच्या काठावर कोणाच्या तरी पडवीत उभी असते, पावसाळ्याचे तांदूळ, गॅसचे सिलिंडर आणि औषधे मृगाआधी भरलेली असतात, आणि मुलांच्या शाळेसाठी किंवा आजारपणासाठी काठावरच्या वाडीत एखादे हक्काचे घर असते. सिंधुदुर्ग किल्ल्यातली प्रवासी होडी-वाहतूकही पावसाळ्यात बंद असते, आणि तिथे पिढ्यान्‌पिढ्या राहणारी मोजकी कुटुंबे ते धरूनच वर्षाची आखणी करतात. तेव्हा पुढे जायचेच ठरले, तर जुव्यावर दोन खोल्या बांधण्याऐवजी काठावर एक खोली भाड्याने घ्या. जून ते सप्टेंबर तुम्ही आणि मुले तिथे राहा, शनिवार-रविवारी पाणी बरे असेल तेव्हा पलीकडे जा, आणि दसऱ्यापासून मेपर्यंत सगळे मिळून जुव्यावर नांदा. मालवण किंवा कणकवलीच्या एखाद्या लॅबमध्ये तुमच्या कामाची चौकशी त्या खोलीवरून करता येईल. जुव्यावरून रोज सकाळी आठला कामावर पोहोचणे अवघड आहे. तंत्रज्ञाला तिकडे काम मिळणे अशक्य नाही, पण हातात पत्र पडल्याशिवाय इथला राजीनामा लिहू नका.

मुलाच्या प्रवेशाची घाई करण्याचे कारण नाही. शिक्षणहक्क कायद्यानुसार शासकीय किंवा अनुदानित शाळेला दाखला यायला उशीर झाला म्हणून प्रवेश नाकारता येत नाही, त्यामुळे दिवाळीनंतर गेलात तरी त्याचे वर्ष बुडणार नाही. मात्र सध्याची शाळा खासगी विनाअनुदानित असेल, तर परत यावे लागल्यास तिथली जागा राखून ठेवण्याची हमी कोणी देणार नाही, हे धरून चाला. काठावरच्या शाळेत पहिलीच्या वर्गात मुले किती आहेत, तेही एकदा जाऊन पाहा.

राहता राहिल्या सासूबाई. तुमच्या पत्रातून असे दिसते की हा सारा बेत त्यांच्या एकटेपणाच्या नावाने चालला आहे, पण त्यांना काय हवे आहे हे त्यांच्या मुलाने अजून विचारलेले नाही. कदाचित त्यांना पावसाळ्याचे चार महिने तुमच्याकडे यायचे असेल, कदाचित अजिबात यायचे नसेल, कदाचित घरात पर्यटक नको असतील. हे फोनवर होणारे बोलणे नाही. यजमानांनी पुढच्या अमावास्येच्या आसपास दोन दिवस एकट्याने जाऊन आईसमोर बसावे, आणि ‘पावसाक इचारून येवा’ म्हणजे नेमके काय विचारायचे ते त्यांच्याच तोंडून ऐकून घ्यावे. उधाणाची ओहोटीही तेव्हा पायाखाली अनुभवता येईल.

हे उत्तर यजमानांना दाखवावे का, असे तुम्ही ताजा कलमात विचारले आहे. अवश्य दाखवा, पण त्याआधी बालरोगतज्ज्ञांची वेळ घेऊन ठेवा आणि त्या भेटीला दोघांनी मिळून जा.