आमिर खानचा 'तलाश' (२०१२) शेवटी का फसल्यासारखा वाटतो?

(शेवट सांगतोय, पाहिला नसेल तर इथेच थांबा.)

दिग्दर्शिका रीमा कागती यांनी सुरुवात काय जमवली आहे! रात्रीची मुंबई, रिकामा रस्ता, भरधाव आलेली गाडी अचानक वळते आणि थेट समुद्रात. नवाजुद्दीन सिद्दीकीचा लंगडणारा तैमूर तर डोक्यातून जात नाही. पण गुन्ह्याचं उत्तर भुतावर ढकललं, तिथे सगळं ओम फस्स! मग इन्स्पेक्टर शेखावतने (आमिर) इतका वेळ धागेदोरे जुळवले ते कशाला? प्रेक्षकही त्याच्याबरोबर तपास करत असतो. त्याला चकवायचं तर पुराव्यानं चकवावं. मुलगा बुडाल्याचं शेखावत आणि त्याच्या बायकोचं दुःख मात्र अस्सल आहे. बायको झालेल्या राणी मुखर्जीचे अबोल प्रसंग त्यासाठी पुन्हा पाहावेत.