मुशीतून चाक घडत नाही

प्रश्न : 'अलॉय व्हील'ला 'मिश्रधातूचे चाक' म्हणावे का? ही चाके 'मुशीतून घडवतात' असे लिहिलेले चालेल का?

पहिल्याचे उत्तर, नको. पोलादही मिश्रधातूच, मग साध्या चाकाला काय म्हणाल? 'ॲल्युमिनियमचे चाक' म्हणा, विषय मिटला.

दुसरे मात्र ऐकून ऐकून कान किटले. मूस म्हणजे संस्कृत 'मूषा', धातू वितळवायचे भांडे. मुशीत रस होतो, तो साच्यात ओततात. घडवणे म्हणजे घण घालून आकार देणे. 'एकाच मुशीतून घडलेले' म्हणणाऱ्याने ओतारी आणि लोहार दोघांनाही एका फटक्यात बेरोजगार केले! काही कोश मुशीला 'साचा' असाही अर्थ देतात. कोशकार सोनाराच्या दुकानात थोडा वेळ बसले असते, तर ही वेळ आली नसती.

चाकांच्या धंद्यात हा फरक पैशांत मोजतात. ओतीव चाकाला ए३५६ जातीचे ॲल्युमिनियम लागते : सिलिकॉन सुमारे ७ टक्के, मॅग्नेशियम जेमतेम ०.३. सिलिकॉनमुळे रस पातळ वाहतो, बारीक स्पोकही भरतात. ७०० अंश सेल्सिअसच्या आसपासच्या रसात फिरत्या रोटरने नायट्रोजन किंवा आर्गॉन सोडून हायड्रोजन हाकलतात. तो राहिला तर गोठताना बारीक छिद्रे पडतात. भट्टी डायच्या, म्हणजे चाकाच्या साच्याच्या, खाली असते. साधारण एक बारपेक्षा कमी दाबाने रस नळीतून वर चढून हबमधून, म्हणजे चाकाच्या मधल्या भागातून, शिरतो. गोठण रिमकडून, म्हणजे बाहेरच्या कड्याकडून, हबकडे यायला हवे. स्पोक रिमला मिळतो तिथला जाडसर भाग मागे राहिला, की भोवतालचा धातू आधीच थिजलेला असतो. आकसताना भर घालायला रसच मिळत नाही. आत पोकळी राहते आणि ट्यूबलेस टायरची हवा तिथून गळते. म्हणून तर क्ष-किरण आणि हेलियमची गळती-चाचणी.

घडीव चाक बहुधा ६०६१ जातीच्या ॲल्युमिनियमच्या ठोकळ्याचे. तो वितळवत नाहीत. ४५० अंशांच्या आसपास तापवून हजारो टनांच्या प्रेसखाली दाबतात. ओतकामातली छिद्रे इथे नसतात, धातूची वीण आकाराबरोबर वळते, त्यामुळे कमी जाडीत तेवढीच ताकद मिळते. अमेरिकेत अल्कोआने १९४८ मध्ये ट्रकसाठी अशी चाके आणली. आणखी एक संकर आहे, फ्लो-फॉर्मिंग : चाक ओतायचे, मग गरम रिम रोलरांनी दाबून पातळ आणि रुंद करायची. 'मुशीतून घडलेले' फक्त इथेच कसेबसे खपवून घेईन.

गॅरेजात म्हणतात ते 'मॅगव्हील' शर्यतीच्या गाड्यांच्या मॅग्नेशियमच्या चाकांवरून आले. चाक तर ॲल्युमिनियमचे, म्हणून विद्वान त्याला हसतात. मी हसणार नाही. ओतलेले चाक ५४० अंशांना काही तास ठेवून पाण्यात बुडवतात. लोहाराचे पोलाद पाणी दिले की लगेच कडक होते. हे मात्र पाण्यातून मऊच निघते. पुढे दीडशेच्या थोडे वर काही तास ठेवले, की मॅग्नेशियम सिलिकॉनला धरून अतिसूक्ष्म कण तयार करते आणि मग चाक कडक होते. ते ०.३ टक्के 'मॅग' काढून टाका आणि खड्ड्यात घालून बघा.