शाळेचा आर्थिक कारभार नव्यानं हाती घेताय? ध्येयं अशी ठरवा

‘कारभार सुधारेन’ असलं ध्येय लिहूच नका. ते पुरं झालं की नाही, कोणालाच सांगता येत नाही. आधी मागच्या दोन वर्षांचे ऑडिटचे शेरे काढून वाचा, निम्मी ध्येयं तिथेच सापडतील. पहिल्या वर्षी मी दहा लिहिली होती, तडीस गेलं एकच: दर महिन्याच्या ५ तारखेच्या आत कॅशबुक आणि बँक स्टेटमेंट जुळवायचं. पण तेवढ्यानंच वर्षअखेरची जागरणं संपली!

तेव्हा दोन-तीनच ठेवा. प्रत्येकापुढे आजचा आकडा आणि तारीख हवी, म्हणजे थकीत फी आज किती, सहामाहीला किती उरलेली चालेल. एखादं स्वतःच्या शिकण्याचंही असू द्या. एक्सेलमधलं पिव्हट टेबल (लांबलचक नोंदींचा हवा तसा गोषवारा काढून देणारी सोय) नीट जमलं तरी पुष्कळ. आणि यादी मुख्याध्यापकांना आधीच दाखवा. त्यांच्या मनात बहुतेक वेळा भलतंच काहीतरी असतं.