मूल होणं अवघड आहे, दत्तकच घ्यायचं ठरवलंय. कॅथलिक चर्चमध्ये आमचं लग्न लागेल का?

ताई, तुमचा प्रश्न वाचला. तुम्ही तासगावच्या, हिंदू. मुलगा वसईचा कॅथलिक, सांगलीत नोकरीला. मूल राहणं अवघड आहे असं डॉक्टरांनी सांगितलंय, म्हणून तुम्ही दोघांनी ठरवलंय की त्या वाटेला जायचंच नाही, सरळ एक लेकरू दत्तक घ्यायचं. आणि आता धास्ती ही की फादर विचारणार, 'देव देईल ती मुलं प्रेमानं स्वीकाराल ना?' हो म्हणावं तर खोटं, नाही म्हणावं तर लग्न अडणार.

मी मिरजेची. वडील रेल्वेत होते, घर कॅथलिक. लग्नाला बावीस वर्षं झाली. पोटचं मूल नाही. मुलगी दत्तक आहे, नववीत शिकते. त्यामुळं उत्तर जरा लांबणार, सांभाळून घ्या.

तुमच्या एका प्रश्नात दोन प्रश्न अडकलेत: मूल होत नाही, हा एक आणि मूल होऊ द्यायचं नाही, हा दुसरा. तुम्हाला ते एकच वाटतात, चर्चला ते अगदी वेगळे वाटतात.

पहिल्याचं उत्तर सोपं आहे. चर्चचा कायदा, म्हणजे १९८३ चा कॅनन लॉ, त्यातलं १०८४ वं कलम सरळ म्हणतं की वंध्यत्वामुळं लग्न रोखता येत नाही आणि लग्न झालेलं असेल तर ते रद्दही ठरत नाही. शरीरसंबंधच कायमचे अशक्य असतील तर गोष्ट वेगळी, पण तुमचं तसं काही नाही. साठीतली विधवा आणि विधुर चर्चमध्ये लग्न करतात, तेव्हा मुलांबद्दलचा तो प्रश्न गाळायची मुभा विधीतच दिलेली आहे. आपल्याकडं 'मूल होत नाही' म्हणून बाईला माहेरी धाडणारे लोक अजून आहेत. त्या मानानं हे कलम मला फार मोलाचं वाटतं. लग्नानंतर पाचव्या वर्षी कुणीतरी मला ते दाखवलं तेव्हा मी रडले होते.

दुसऱ्याचं उत्तर तुम्हाला कदाचित रुचणार नाही. लग्नाच्या वेळी नवरा किंवा बायको मनाशी पक्कं ठरवून मुलं वगळत असेल, तर चर्चच्या लेखी ते लग्नच होत नाही. हे ११०१ वं कलम. आणि 'पण आम्ही दत्तक घेणार आहोत ना' हे त्यावरचं उत्तर होत नाही. मला हे कितीतरी दिवस पटत नव्हतं. अनाथ लेकराला घर देणं जास्त पुण्याचं नाही का, असं मी एका फादरांना तावातावानं विचारलं होतं. ते म्हणाले, पुण्याचं आहेच, पण तुम्ही एकमेकांना काय देताय हा माझा प्रश्न आहे. चर्चच्या मते नवराबायको एकमेकांना स्वतःला पूर्ण देतात, आई किंवा बाप होण्याच्या शक्यतेसकट. ती शक्यता फळली नाही तर कुणाचा दोष नाही. ती आधीच काढून ठेवायची नाही, एवढंच म्हणणं.

आता तुमचं. डॉक्टरांनी 'अवघड' म्हटलंय, 'अशक्य' नाही. तेव्हा दोघांनी एका संध्याकाळी कृष्णेच्या घाटावर बसा आणि एकच गोष्ट बोला: समजा, कुणाच्या ध्यानीमनी नसताना दिवस राहिले, तर? 'राहिले तर आपलंच' असं आतून येत असेल तर तुमचं 'हो' खरं आहे, खुशाल म्हणा. भीती वाटते, आत्ता नको वाटतं, आशा धरवत नाही, याला कुणी वगळणं म्हणत नाही. 'काही झालं तरी नाहीच' असं उत्तर आलं तर मात्र फादरांना ते लग्नाआधी सांगा.

किती मुलं, कधी, हे चर्च ठरवून देत नाही. पोप पॉल सहावे यांचं १९६८ चं 'हुमाने व्हिते' हे परिपत्रक गर्भनिरोधकांना नाही म्हणतं, पण तशीच सबळ कारणं असतील तर पाळीच्या चक्राचा हिशेब ठेवून अंतर ठेवायला परवानगी देतं. पोप फ्रान्सिस तर २०१५ साली मनिलाहून परतताना विमानात पत्रकारांना म्हणाले होते की चांगला कॅथलिक व्हायला सशांसारखी मुलं व्हायला हवीत असं काही नाही. आमच्या घरी त्या वाक्यावर आठवडाभर हसू चाललं होतं.

आयव्हीएफबद्दल तुम्ही विचारलेलं नाही, पण लग्नानंतर वर्षभरात निम्मी सांगली विचारेल, म्हणून सांगते. तपासण्या, औषधं, दोष दुरुस्त करणारी शस्त्रक्रिया याला चर्चची हरकत नाही. प्रयोगशाळेत गर्भ तयार करण्याला आहे, १९८७ पासून तसं लेखी आहे. आम्ही त्या वाटेला गेलो नाही. सगळं श्रद्धेपोटी होतं असं म्हणणार नाही, तेवढे पैसेही नव्हते. आणि चर्चमधले लोकही काही कमी नसतात. एका रविवारी प्रवचनात भरल्या घराचं इतकं कौतुक झालं की मी मधूनच उठून बाहेर येऊन उभी राहिले.

दत्तकाला मात्र चर्चमध्ये मान आहे, तो दुय्यम मान नव्हे. ज्यांना मूल होत नाही त्यांनी सोडून दिलेली मुलं आपली करावीत, असं धर्मशिक्षणाच्या ग्रंथात लिहिलेलं आहे. कायद्यानं दत्तक घेतलेलं मूल कॅनन लॉमध्येही त्या आईबापाचंच. येशूला वाढवणारा योसेफ तरी कोण होता? जानेवारी २०२२ मध्ये पोप फ्रान्सिस योसेफबद्दलच बोलत होते, तेव्हा त्यांनी दत्तक घ्यायला भिऊ नका असं सांगितलं. मूल टाळून कुत्री-मांजरं पाळणाऱ्या जोडप्यांनाही त्याच भाषणात ऐकवलं. बातम्यांमध्ये तेवढंच आलं.

देशाच्या कायद्यात आम्हा ख्रिस्ती लोकांना हा मान उशिरा मिळाला. माझ्या मावशीनं ऐंशीच्या दशकात एक मुलगा आणला, तेव्हा ख्रिस्ती माणसाला दत्तकच घेता येत नव्हतं. १९५६ चा दत्तक कायदा हिंदूंसाठी, आम्हाला १८९० च्या कायद्याखाली नुसतं पालकत्व. मुलगा सज्ञान झाला की कागदावर तेही संपलं. पुढं बालन्याय कायद्यानं कुठल्याही धर्माच्या माणसाला वाट मोकळी केली. २०११ मध्ये आमची लेक आली ती त्याच कायद्यानं, कोर्टाच्या आदेशानं. आता २०१५ चा कायदा आहे, नोंदणी 'कारा'च्या, म्हणजे केंद्र सरकारच्या दत्तक प्राधिकरणाच्या, पोर्टलवर होते आणि आदेश २०२२ पासून जिल्हाधिकारी काढतात. तुम्ही दोघं वेगवेगळ्या धर्मांचे, तेव्हा हाच रस्ता धरा.

पण यात एक मेख आहे. नात्यातलं मूल सोडलं तर लग्नाला किमान दोन वर्षं झाल्याशिवाय जोडप्याला दत्तक मिळत नाही, आणि लहान बाळ हवं असेल तर पुढं यादीत काही वर्षं थांबावं लागतं. म्हणजे लग्न लागलं आणि बाळ आणलं, असं होणार नाही. ती मधली चार-पाच वर्षं तुम्ही नवराबायको म्हणून कशी राहणार, फादर खरं तर तेच विचारतायत. म्हणून मघाचं घाटावरचं बोलणं टाळू नका.

तुमचा आजार मुलाला माहीत आहे असं तुम्ही लिहिलंय, हे उत्तम. असली गोष्ट फसवून लपवली तर पुढं लग्नावरच आक्षेप येऊ शकतो. सासूला सांगायचं की नाही हे चर्च विचारत नाही, ते तुम्ही बघा!

बाकी कागदोपत्री. तुम्ही हिंदू म्हणून बिशपांची खास परवानगी लागेल. सांगली पुणे धर्मप्रांतात येते, त्यामुळं अर्ज पुण्याला जाईल. धर्म बदलायची अट नाही. मुलांना कॅथलिक म्हणून वाढवण्यासाठी आपल्याकडून होईल ते करीन, असं वचन मुलगा देतो. त्यानं असं वचन दिलंय हे तुम्हाला सांगितलं जातं, तुमच्याकडून ते घेत नाहीत. दत्तक लेकरालाही ते लागू, त्यामुळं बाप्तिस्म्याचं आत्ताच बोलून ठेवा. फॉर्म भरताना बहुतेक ठिकाणी दोघांना वेगवेगळं बसवून विचारतात, दचकू नका. आणि मिरजेतल्या ज्या मैत्रिणीनं 'असलं काही विचारत नाहीत' म्हणून सांगितलं, तिचं लग्न पाळकांनी लावलेलं असणार. मिरजेत दवाखाना काढणाऱ्या वानलेस डॉक्टरांच्या मिशनमुळं इथले बरेचसे ख्रिस्ती प्रोटेस्टंट आहेत, त्यांचे नियम वेगळे.

डॉक्टरांचे रिपोर्ट नेऊ नका, कुणी मागणार नाही. मुलाचा बाप्तिस्म्याचा दाखला मात्र नव्यानं काढलेला लागतो, सहा महिन्यांच्या आतला. तो वसईहून यायला वेळ लागतो, त्याला आजच फोन करायला सांगा.