पोरांना घेऊन निघण्याआधी

सोलापूर

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

मंडळातल्या आठवी ते दहावीच्या पोरांची जबाबदारी तू घेतलीस, हे तुझं पत्र यायच्या आधीच वहिनींकडून कळलं होतं. फार बरं वाटलं. आपल्या भागात या वयाच्या पोराशी मोठी माणसं बोलतात ती दोनच वाक्यं: अभ्यास कर, आणि कुठे होतास इतका वेळ. वडील टॉवेलच्या कारखान्यातून रात्रपाळी करून येतात ते झोपतात. आईपुढे विड्यांचं सूप असतं, संध्याकाळपर्यंत हजार विड्या पुऱ्या करायच्या असतात. पोरगं जातं कट्ट्यावर. तिथे तंबाखूचा मावा चारणारा भेटतो, मिरवणुकीसाठी गाडीत पेट्रोल टाकून देणारा भेटतो. या दोघांकडे त्याच्यासाठी वेळ असतो, म्हणून ते त्याला जवळचे वाटतात. तुझा सामना या माणसांशी आहे, हे आधी ओळख. तुझ्याकडे पोरांना द्यायला सगळ्यात मोलाची गोष्ट आहे तीही वेळच.

आता तुझा बेत. दिवाळीच्या सुट्टीत काशी-अयोध्या, निम्मा खर्च एक दानशूर गृहस्थ देणार, बदल्यात बसवर त्यांचा फ्लेक्स. पहिल्या वर्षी हे करू नकोस. इतक्या लांबच्या प्रवासात पोरं मोबाइलमध्ये डोकं घालून बसतील, तिथे दर्शनाच्या रांगेत तू फक्त माणसं मोजत राहशील, आणि परत येताना त्यांच्याकडे फोटो असतील, तुझ्याशी एकही धड बोलणं झालेलं नसेल. फ्लेक्सचं तर विचारूच नकोस. ज्याचा फ्लेक्स त्याची पोरं, असं निवडणुकीत होतं. दर आठवड्याला पोरांनी स्वतः दहा-वीस रुपये जमवावेत, हिशेब त्यांच्यातल्याच एकाने वहीत लिहावा आणि महिन्याला सगळ्यांपुढे वाचावा. पैसे कमी जमले तर कमी लांब जा. काशी कुठे पळून जात नाही.

सुरुवात कोजागरीला तुळजापूरपासून कर. आपल्या गावाला हे आयतं मिळालंय. दसऱ्याला सीमोल्लंघन झालं की देवी श्रमनिद्रेला जाते, पौर्णिमेला पुन्हा सिंहासनावर बसते, आणि त्या दर्शनासाठी आदल्या दिवसापासून सोलापूरचा रस्ता माणसांनी भरून वाहतो. आपल्या रूपाभवानीच्या देवळात नारळ फोडून निघायचं, उळे, तामलवाडी, शेवटी घाट. पंचेचाळीस किलोमीटरच्या आसपास. सवय नसलेल्या पोराला पूर्ण रात्र लागते, आणि ती रात्रच तुला हवी आहे.

पहिले दोन तास पोरं नुसती हुंदडतील. काय बे, चल की बे, कोण पुढे जातं बघू. त्यांना पळू दे. डीजेच्या गाडीमागे नाचतील, वाटेतल्या प्रत्येक मांडवात चहा आणि केळी घेतील. उळ्याच्या पुढे आवाज कमी होतात. तामलवाडी मागे पडली की पाय बोलायला लागतात, आणि मग पोरंही. दिवसा जो सगळ्यांची टिंगल करतो तो रात्री अडीच-तीनला तुझ्या बाजूला येऊन गुपचूप चालायला लागेल. रस्त्याकडे बघत, तुझ्याकडे न बघता, तो काहीतरी सांगेल. वडील पितात, किंवा गणित अजिबात समजत नाही आणि आता वर्गात जायचीच भीती वाटते, किंवा देव असेल तर माझ्या बहिणीला का नेलं. समोरासमोर बसवून, नाव घेऊन, ‘बोल, तुला काय त्रास आहे’ असं विचारलंस तर हे जन्मात बाहेर येणार नाही. शेजारी चालणाऱ्या माणसाला डोळे भिडवावे लागत नाहीत, म्हणून येतं.

त्या क्षणी उपदेश करू नकोस. संतवचन आठवलं तरी गिळून टाक. एखादा प्रश्न विचार, मग गप्प चालत राहा. दुसऱ्या दिवशी ते कुणापाशी बोलू नकोस, माझ्यापाशीही नाही. एक अपवाद आहे आणि तो पोरांना आधीच सांगून ठेव: कुणी त्याला मारतंय, त्याच्या अंगाशी खेळतंय, किंवा त्याच्या मनात जीव द्यायचे विचार आहेत, तर ते तू पोटात ठेवणार नाहीस. चाइल्डलाइनचा १०९८ नंबर प्रत्येक पोराला पाठ असू दे. ‘कुणालाच सांगणार नाही’ असं वचन कधीही देऊ नकोस, कारण एखाद्या दिवशी ते मोडावं लागेल.

व्यवहाराचं एका दमात सांगतो. नवे बूट घालून कुणी यायचं नाही, आठ-दहा दिवस वापरलेलेच. पायाला आणि मांड्यांना खोबरेल, जादा मोजे, मीठ-साखरेचं पाणी. वाहतूक वळवलेली असली तरी कडेनेच चालायचं. सगळ्यात पुढे एक मोठा माणूस, सगळ्यात मागे दुसरा. तू मागे राहा. आईवडिलांची सही घेतल्याशिवाय एकही पोरगा नाही. मुक्कामाला बंद खोलीत तू आणि एकटा पोरगा असं कधीही होऊ देऊ नकोस, यात तुझा आणि त्याचा दोघांचा सांभाळ आहे. पंढरपूरला जाल तेव्हा चंद्रभागेत गुडघ्याच्या वर पाण्यात उतरायचं नाही. वाळू उपशाने पात्रात खड्डे झालेत आणि ते वरून दिसत नाहीत. पोहता येणारी पोरंही बुडतात.

आता श्रद्धेचं. तू लिहिलंस की पोरं ‘हे सगळं खरं असतं का’ असं विचारतात आणि तुला उत्तर सुचत नाही. सुचलं नाही तर सुचलं नाही म्हण. पण विचारणाऱ्याला गप्प बसवू नकोस, आणि देवाचा धाक घालू नकोस. दहावीच्या मार्कांना नवस जोडू नकोस. मार्क पडले नाहीत तर पोरगा देवावरही रुसतो आणि अभ्यासावरही. तुझा स्वतःचा नेम चालू ठेव. तू रोज संध्याकाळी हरिपाठ म्हणतोस ते त्यांना बोलावून म्हणू नकोस, पण त्यांच्यापासून लपवूनही म्हणू नकोस. चौदा वर्षांचं पोरगं ऐकत कमी असलं तरी बघत सगळं असतं. रिक्षावाल्याशी तू कसा बोललास, उरलेले पैसे परत केलेस का, मांडवातला चहाचा कप कुठे टाकलास, हे त्याच्या लक्षात राहतं.

तुझ्या पोरांत घरी तेलुगू बोलणारी आहेत, कन्नड बोलणारी आहेत, दोघं मुसलमान आहेत. हे अवघड जाईल अशी तुला धास्ती वाटते. मला यात तुझं भाग्य दिसतं. वर्षभरात प्रत्येक पोराला एकदा यजमान कर. नारळी पौर्णिमेला पूर्व भागातून मार्कंडेयाचा रथ निघतो, त्या दिवशी पद्मशाली घरातलं पोरगं बाकीच्यांना फिरवेल, आजोबांनी माग कसा चालवला ते सांगेल. ईदला दुसऱ्याच्या घरी शीरखुर्मा. जो यजमान असेल त्याने आपल्या घरची रीत आपल्या तोंडाने सांगायची, तू मध्ये बोलायचं नाही. पाहुण्याने काय खायचं, कुठे हात जोडायचे, तीर्थ घ्यायचं की नाही हे ज्याचं त्याने ठरवायचं. घरच्यांना आधी विचारून ठेव, म्हणजे कुणाची पंचाईत होत नाही.

आणि गड्डा, आपल्या सिद्धरामेश्वरांची संक्रांतीची जत्रा. पोरांना गड्डा म्हणजे पाळणे, भजी आणि होम मैदानावरची गर्दी एवढंच माहीत असतं. भोगीच्या दिवशी त्यांना अक्षता सोहळ्याला, म्हणजे सिद्धरामेश्वरांच्या प्रतीकात्मक लग्नाला, घेऊन जा. पांढऱ्या बाराबंदीतल्या लोकांमधून सात नंदीध्वज संमती कट्ट्याकडे येतात, त्यातल्या एकाजवळ पोरांना उभं कर. एवढी उंच काठी एकजण कमरेशी तोलतो आणि भोवतीचे सगळे त्याच्या पायांकडे बघत असतात. तो थकला की दुसरा पुढे होतो, काठी मात्र टेकत नाही. हे जमावं म्हणून आधी कितीतरी रात्री सराव चाललेला असतो, तोही दाखव. बाराव्या शतकात सिद्धरामेश्वरांनी भक्तांच्या श्रमातून तळं खणून घेतलं, असं आपण सांगत आलो. त्यांची वचनं कन्नडमध्ये आहेत. तुझ्या गटातल्या एखाद्या पोराच्या आजीला ती येत असतील, तिच्याकडून ऐका. मराठी बोलणाऱ्या पोरांना कळेल की आपल्या ग्रामदैवताची भाषा शेजारच्या घरात बोलली जाते.

त्याच्याच तोंडावर, १२ जानेवारीला, चार हुतात्मा पुतळ्यांपाशी जा. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा. सोलापुरातल्या १९३० च्या मार्शल लॉनंतर १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्याला चौघांना एकाच दिवशी फाशी दिलं. भाषण नको, फक्त चारही नावं मोठ्याने वाचायला लाव. पोरं रोज त्या चौकातून जातात आणि नावं एकालाही धड येत नाहीत, याचं मला फार वाईट वाटतं.

फेब्रुवारीत, ऊन चढायच्या आत, एक दिवस कुडलला. हत्तरसंगजवळ भीमा आणि सीना मिळतात, तिथल्या देवळात शके ९४० चा, म्हणजे १०१८ चा मराठी लेख आहे. सायकलवर दमतील, पण जातील.

पंढरपूर मात्र मंगळवेढ्यावरून कर. वाटेत माचणूरला भीमेकाठी सिद्धेश्वराचं देऊळ आहे, घाटावर पोरांना तासभर नुसतं बसू दे. मंगळवेढ्यात दामाजीपंतांची गोष्ट पोरं ऐकतात, कारण दुष्काळात कोठार उघडून देणारा माणूस त्यांना लगेच कळतो. पण खरी गोष्ट चोखोबांची. गावकुसाचं काम करताना भिंत पडून ते गेले, आणि नामदेवांनी त्यांच्या अस्थी पंढरपूरला आणल्या. महाद्वारापुढे नामदेव पायरीसमोर ती समाधी आहे. तिथे पोरांना थांबव. सांग की हा माणूस आयुष्यभर विठ्ठलाचा होता आणि त्याला देवळाच्या आत पाऊल टाकता आलं नाही. त्याच्या माणसांसाठी दार उघडावं म्हणून साने गुरुजींना १ ते १० मे १९४७ असं उपोषण करावं लागलं. इतकी शतकं गेली मध्ये. मग एवढंच विचार की आपल्या गल्लीत कोण कुणाच्या घरी पाणी पीत नाही. उत्तर पोरांना माहीत असतं, आपल्यापेक्षा चांगलं माहीत असतं. त्या प्रश्नानंतर दर्शनाला गेलेला पोरगा वेगळ्या नजरेने आत जातो. हे झालं नाही आणि नुसतं दर्शन झालं, तर मला त्या सहलीचं फारसं कौतुक वाटणार नाही. देवळातून बाहेर पडताना पोराचं मन थोडं रुंद झालेलं असावं. ते अरुंद होऊन, ‘आम्ही’ आणि ‘ते’ करत बाहेर येत असेल, तर पुढची सहल थांबव आणि आधी त्याच्याशी बोल.

आषाढात शेगावची गजानन महाराजांची पालखी आपल्या गावात मुक्कामाला असते. तेव्हा पोरांना दर्शनापेक्षा कामाला लाव. पाणी भरणं, पत्रावळी गोळा करणं, आणि पालखी उठून गेल्यावर मैदान झाडणं. शेवटचं काम कुणालाच नको असतं, म्हणून ते तुमचं. गाडगेबाबा पंढरपुरात खराटा घेऊनच फिरले. तिथे त्यांनी बांधलेली चोखामेळा धर्मशाळा पुढे त्यांनी डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीला देऊन टाकली. हे झाडता झाडता सांग. आणि झाडणाऱ्या पोरांचे फोटो कुठे टाकू नकोस, त्यांनी कितीही आग्रह केला तरी.

एखादा पोरगा मध्येच यायचा बंद होईल. त्याच्या घरी जा. कारण विचारू नकोस, चहा घे, सगळे कसे आहेत ते विचार आणि ये. पुन्हा जा. पालकांना वाटेल हा कशाला येतो, त्यांनाही सवय होऊ दे. सहलींपेक्षा या फेऱ्यांनी जास्त काम होतं, फक्त ते कुणाला दिसत नाही. तुझी नोकरी सांभाळून हे किती जमेल याचा विचार कर. वीस पोरं नको, आठ पुरेत. आठांची नावं, घरं, परीक्षांच्या तारखा तुला तोंडपाठ असल्या पाहिजेत.

येत्या रविवारी पहाटे पाचला रूपाभवानीपाशी पोरांना घेऊन ये. तुळजापूर रस्त्याने तास-दीड तास जाऊन परत येऊ, कुणाचे बूट चावतात ते कोजागरीच्या आधी कळलेलं बरं. कडक भाकरी आणि शेंगाचटणी मी आणतो, पाण्याच्या बाटल्या त्यांना आणायला सांग. सह्यांचे कागदही तेव्हाच बघू.

वहिनींना नमस्कार सांग.

तुझा,
काका